पैसे आम्ही मोजले आणि कुलूपही आम्हालाच? मराठी प्रकाशक आणि ई-पुस्तक विक्रेत्यांना खुलं पत्र

मराठीतल्या सगळ्या प्रकाशकांना आणि ई-पुस्तकं विकणाऱ्यांना,

नमस्कार.

गेल्या महिन्यात मला मराठी ई-पुस्तकांच्या एका ॲपवाल्यांचा मेल आला. त्यांचं नाव घेत नाही, कारण हे पत्र त्यांच्या एकट्यासाठी नाहीये, तुम्हा सगळ्यांसाठी आहे. मेलमध्ये लिहिलं होतं की ॲप बंद होतंय, आधी विकत घेतलेली पुस्तकं आत्ता ज्या फोनवर डाऊनलोड आहेत तिथे चालतील तोवर चालतील, फोन बदलला की उघडणार नाहीत, पैसे परत मिळणार नाहीत कारण अटींमध्ये तसं आधीच लिहिलेलं आहे. आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरात, की कुणी या पुस्तकांचं डीआरएम म्हणजे कॉपी प्रोटेक्शन काढलं तर तो कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा आहे आणि कारवाई होऊ शकते.

ॲप बंद होतंय याचं वाईट वाटलं, धंदा आहे, चालला नाही तर बंद करावा लागतो, ते मी समजू शकते. पण ती शेवटची ओळ काही केल्या पचेना. पैसे घेतले तुम्ही, पुस्तक बंद करताय तुम्ही, आणि जाता जाता धमकी आम्हाला, ज्यांनी रीतसर पैसे भरले त्यांना. म्हणून हे लिहायला बसले.

मी सांगलीत गावभागात राहते, मार्केट यार्डात हळदीच्या एका पेढीवर हिशेब बघते. घरात मी आणि माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, तासगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. पुस्तकं विकत घेऊनच वाचायची हा आमच्या घरचा जुना नियम, आबांनी पगारातून पुस्तकासाठी पैसे बाजूला काढलेत तेही ज्या काळात मास्तरांचा पगार म्हणजे काय असायचा ते तुम्हाला माहीत असेल. ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५ फूट आहे म्हणजे किती वर ते बघा, आणि आमच्या खालच्या खोलीतली दोन्ही कपाटं पाण्यात गेली. नगरवाचनालयात पाणी शिरून पुस्तकांचा लगदा झाला ते तर सगळ्या गावाने बघितलं. आमच्या घरातली पुस्तकं आम्ही खोऱ्याने बाहेर काढली, त्यावर आबा आजही फारसं बोलत नाहीत. त्यानंतर मी ठरवलं की आता जमेल ते पुस्तक ई-पुस्तक म्हणून घ्यायचं, दर दोन-चार वर्षांनी पूर येणाऱ्या गावात तेच शहाणपणाचं वाटलं. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा कपाटाची काळजी नव्हती याचं केवढं समाधान वाटलं होतं मला.

म्हणजे आम्ही ई-पुस्तकाकडे आलो ते स्वस्त मिळतंय म्हणून नाही आलो. पुस्तक टिकावं म्हणून आलो. आणि ते पुराशिवायच गेलं, कुणीतरी सर्व्हर बंद करायचं ठरवलं म्हणून.

आता सरळ सांगते, त्या ॲपवर आणि इतर ठिकाणी मी जी पुस्तकं पैसे देऊन घेतली होती त्यांचं कुलूप, म्हणजे हेच डीआरएम, मी काढलंय. कसं काढलं ते इथे सांगणार नाही, या पत्राचा तो विषय नाही. पण काढलं हे लपवायचं कारण मला दिसत नाही, कारण त्यात मी कुणाचं काही घेतलंय असं मला वाटत नाही. का वाटत नाही ते नीट सांगते, आणि माझी सीमा कुठे आहे तेही सांगते, तुम्ही ऐकून घ्या.

ज्यांना हे तांत्रिक प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कुलूपवालं ई-पुस्तक म्हणजे फाईल तुमच्या फोनात असते पण ती एन्क्रिप्ट, म्हणजे चावीशिवाय वाचता येऊ नये अशी बंद केलेली असते, ती उघडायची चावी विकणाऱ्याच्या सर्व्हरवरून येते आणि तुमच्या खात्याला किंवा त्या ठराविक फोनला बांधलेली असते. फोन बदलला की चावी परत मागावी लागते. देणारा जागेवर नसेल तर तुमच्या फोनात पूर्ण पुस्तक पडून आहे आणि त्यातली एक ओळ वाचता येत नाही, अशी अवस्था. यात चोराला काय अडलं? काहीच नाही, चोर तुमच्याकडे चावी मागायला येतच नाही.

हा मुद्दा जरा खोलात सांगायला हवा कारण तुम्ही दर वेळी पायरसीचं कारण पुढे करता. व्हॉट्सॲपवर आणि टेलिग्रामवर मराठी पुस्तकांच्या ज्या पीडीएफ फिरतात त्या तुम्ही कधी उघडून बघितल्यात का? मला न मागता कितीतरी आल्यात, डिलीट करायच्या आधी नजर जातेच. पान वाकडं, मधल्या शिवणीजवळ काळी सावली, कोपऱ्यात धरणाऱ्याचा अंगठा, पहिल्या पानावर कुठल्यातरी वाचनालयाचा गोल शिक्का. म्हणजे ती छापील पुस्तकावरून मोबाईलने फोटो काढून किंवा स्कॅन करून केलेली असतात. ई-पुस्तकाला तुम्ही कितीही पक्कं कुलूप लावलंत तरी ही चोरी थांबणार नाही, कारण ती त्या दारातून झालेलीच नाही. आणि ज्याला ती फुकट पीडीएफ मिळाली तो ती कुठल्याही फोनवर, टॅबवर, कॉम्प्युटरवर वाचतो, अक्षर मोठं करतो, प्रिंट काढतो. मी पैसे दिले तर मला यातलं काही करता येत नाही. प्रामाणिक माणसाला वाईट माल आणि चोराला चांगला माल, असं तुम्ही स्वतः करून ठेवलंय आणि मग लोक विकत घेत नाहीत म्हणून परिसंवाद भरवता.

कुलूप काढून टाकलं तर लोक लुटतील ही भीती खरी असेलही, पण ती कुणी करूनच बघितलं नाही असं नाहीये. सायन्स फिक्शन छापणारी टॉर नावाची मोठी संस्था आहे, तिने २०१२ ला आपल्या सगळ्या ई-पुस्तकांची कुलपं काढली आणि वर्षभराने त्यांच्या ब्रिटनमधल्या संपादकांनी जाहीर लिहिलं की पायरसीत लक्षात येण्यासारखी वाढ झालेली नाही. आजही त्यांची पुस्तकं तशीच विकली जातात. इंग्रजीचा बाजार मोठा आहे, आपला लहान, हे मान्य. पण लहान बाजारात तर प्रामाणिक गिऱ्हाईक आणखी जपायला पाहिजे ना.

आता कायद्याचं. तो मेल आल्यावर मी आणि माझ्या ओळखीच्या एका वकीलबाईंनी बसून कलम काढलं. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने ६५अ हे कलम आलं. त्यात असं आहे की या कायद्याने दिलेल्या हक्कांच्या संरक्षणासाठी लावलेला तांत्रिक उपाय जो कुणी त्या हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने मोडेल त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. हेतू, हे बघा. आणि लगेच खाली पोटकलमात म्हटलंय की कायद्याने ज्याला स्पष्ट मनाई केलेली नाही अशा कामासाठी ते केलं तर हे कलम आड येत नाही. इतकंच नाही, अशा कामासाठी दुसऱ्याला मदत करणाऱ्याने त्या माणसाचं नाव, पत्ता आणि कारण यांची नोंद ठेवावी असंही लिहिलंय, म्हणजे कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर असं प्रामाणिक कारण असलेला माणूस होता. आणि स्वतःच्या खाजगी वापरासाठी कामाचा वाजवी उपयोग करायला कलम ५२ मध्ये जागा ठेवलेली आहेच. अमेरिकेत १९९८ चा कायदा जास्त कडक आहे, तिथे बऱ्याच अंशी कुलूप मोडणं हाच गुन्हा धरतात आणि कुणाला सूट द्यायची ते दर तीन वर्षांनी ठरतं. आपल्या संसदेने तो रस्ता घेतला नाही. मग "कुणीही डीआरएम काढलं तर गुन्हा" असं सरसकट वाक्य सांगलीच्या, साताऱ्याच्या, नांदेडच्या वाचकांना पाठवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? निम्मा कायदा सांगून लोकांना घाबरवू नका एवढीच विनंती आहे.

आबांबद्दल लिहिलं नाही तर हे पत्र अर्धवट राहील. त्यांच्या डोळ्याच्या पडद्याला आजार आहे, मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. माणूस येतोय ते कळतं, अक्षर लागत नाही. मिरजेला दाखवून झालं, इंजेक्शनं झाली, आता आहे ती नजर टिकवायची एवढंच. ज्या माणसाने आयुष्यभर वाचलं त्याला हे काय असतं ते मी रोज बघते. फोनमधला टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय, आम्ही त्यांना शिकवला, आता ते बोट फिरवून बातम्या ऐकतात, मेसेज ऐकतात, मराठी आवाज थोडा यांत्रिक आहे पण सवय झालीय. आणि विकत घेतलेलं ई-पुस्तक उघडलं की फोन म्हणतो "बटण", "बटण", "चित्र". बस. पुस्तकातला मजकूर कॉपी होऊ नये म्हणून ॲपने तो टॉकबॅकपासून सुद्धा लपवलेला असतो, काही ठिकाणी तर पानंच चित्र म्हणून भरलेली असतात. मी तक्रार केली तर उत्तर आलं की सुरक्षेच्या कारणामुळे ही सोय देता येत नाही. कुणाच्या सुरक्षेसाठी हो? एक रिटायर मास्तर कथा ऐकेल यापासून कुणाला धोका आहे?

याच २०१२ च्या दुरुस्तीत कलम ५२ मध्ये आणखी एक पोटकलम आलं, इंग्रजीत झेड-बी म्हणतात ते, की अपंग व्यक्तीला नेहमीच्या स्वरूपात पुस्तक वाचता येत नसेल तर तिला वाचता येईल अशा स्वरूपात ते कुणीही करून देऊ शकतं, तो कॉपीराइटचा भंग नाही. कुणीही म्हणजे मुलगीसुद्धा. दृष्टिहीनांना पुस्तकं मिळावीत म्हणून २०१३ ला माराकेशला आंतरराष्ट्रीय करार झाला आणि त्याला मंजुरी देणारा जगातला पहिला देश भारत होता, २०१४ मध्ये. सरकारने अशा वाचकांसाठी सुगम्य पुस्तकालय नावाचं ऑनलाइन वाचनालय सुरू केलं. एवढं सगळं देशाने करून ठेवलंय, आणि आमच्या घरात ते ॲपच्या एका सेटिंगपाशी येऊन अडतं. मी कुलूप काढल्यावर आबांनी ज्या दिवशी पहिल्यांदा सलग दोन तास पुस्तक ऐकलं त्या दिवशी मला कुणी विचारलं असतं की हे नैतिक आहे का, तर मी त्याला आबांच्या शेजारी बसायला सांगितलं असतं.

आता दुसरी बाजू, कारण ती मला टाळायची नाही. माझ्या ओळखीचे एक प्रकाशक आहेत, सज्जन माणूस, त्यांच्याशी यावर भरपूर वाद झाला. ते म्हणाले, तुम्ही पुस्तक विकत घेतलंच नाही, वाचायचा परवाना घेतला, आणि परवान्याच्या अटींमध्ये कुलूप काढायचं नाही असं आहे, तुम्ही "मान्य" वर टिचकी मारलीत, मग दिलेला शब्द मोडलात की नाही. यावर मी बरेच दिवस विचार केला. शब्द दिला होता हे खरं आहे. पण शब्द दोन बाजूंनी असतो. मी कबूल केलं की मी याच्या कॉप्या वाटणार नाही, तो शब्द मी पाळलाय आणि पाळीन. तुमच्याकडून कबूल होतं की पैसे दिले की मला हे पुस्तक वाचता येईल. परवाना किती दिवसांचा ते कुठेच सांगितलेलं नव्हतं, किंमत छापील पुस्तकाच्या जवळपास होती, छापील पुस्तकाला जीएसटी नाही आणि याला आहे तोही मी भरला, आणि मुदत एका मेलने संपवली तीही तुम्ही एकट्याने. ज्या दिवशी तुम्ही तुमची बाजू सोडलीत त्या दिवशी कुलपाबद्दलची अट मला बांधून ठेवते असं मला पटत नाही. लेखकाबद्दलचं बंधन मात्र राहतं, कारण लेखकाने माझं काही मोडलेलं नाही.

म्हणून माझी सीमा अशी आहे. ज्या पुस्तकाचे पूर्ण पैसे दिले, ते माझ्यासाठी आणि माझ्या घरातल्या माणसासाठी वाचता यावं म्हणून कुलूप काढणं मला योग्य वाटतं. महिन्याची वर्गणी भरून जी पुस्तकं वाचायला मिळतात किंवा डिजिटल लायब्ररीतून पंधरा दिवसांसाठी येतात, त्यांचं कुलूप काढणं मला चोरी वाटते, सरळ चोरी, कारण तिथे मुदत आधी सांगितलेली असते आणि पैसेही त्या हिशेबाने घेतलेले असतात. तिथे तुम्ही कुलूप लावा, माझं काही म्हणणं नाही. विकत घेतलेल्याचे पैसे परत दिले तर फाईल पुसायची, तीही माझी जबाबदारी. आणि काढलेली फाईल कुणालाही द्यायची नाही.

हे शेवटचं बोलायला सोपं आणि पाळायला अवघड आहे. माझा मामेभाऊ कराडला असतो, त्यांचा वाचकांचा मोठा ग्रुप आहे, त्याला कळलं तेव्हा म्हणाला टाक सगळी ग्रुपवर, पुण्य मिळेल. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, कुलूप तूच काढलंस ना, मग आता कशाला सोवळं पाळतेस, छापील पुस्तक दिलंच असतंस की मला. त्याला मी सांगितलं की छापील पुस्तक तुला दिलं की माझ्याकडे उरत नाही, तू परत देईपर्यंत मी थांबते. फाईल दिली की ती माझ्याकडेही आहे, तुझ्याकडेही आहे आणि उद्या तुझ्या ग्रुपातल्या सगळ्यांकडे, आणि ज्या बाईने चार वर्षं बसून ती कादंबरी लिहिली तिला त्यातला रुपया जात नाही. मराठीत हजाराची आवृत्ती संपायला वर्षं लागतात, रॉयल्टीचा चेक कसा असतो ते लेखकांना विचारा. तो रागावला, अजून मोकळं बोलत नाही. चालेल. पण प्रकाशकहो, ही भांडणं मी तुमच्या लेखकांसाठी माझ्या नातेवाईकांशी केलीत, आणि तुमच्या मेलमध्ये मी त्याच्याच रांगेत उभी आहे, याचं दुःख होतं.

आपल्याकडे हे होणार नाही, एखादंच ॲप बंद पडलं, असं तुम्हाला वाटत असेल तर बाहेर काय झालं ते बघा. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने लोकांच्या किंडलमधून, म्हणजे त्यांच्या ई-पुस्तक वाचायच्या यंत्रातून, जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तकं परस्पर पुसली, विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणून. पैसे परत दिले, नंतर कंपनीच्या प्रमुखाने माफी मागितली, पण एका शाळकरी मुलाने अभ्यासासाठी केलेल्या टिपा निरुपयोगी झाल्या आणि तो कोर्टात गेला. २०१९ च्या जुलैत मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, सगळ्यांची पुस्तकं उघडायची बंद झाली. पण त्यांनी निदान सगळ्यांचे पूर्ण पैसे परत केले, पुस्तकात टिपा केलेल्यांना वर पंचवीस डॉलर दिले. फेब्रुवारी २०२५ ला ॲमेझॉनने किंडलची पुस्तकं कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची सोयही काढून टाकली. म्हणजे एवढ्या मोठ्या कंपन्यांची ही तऱ्हा, मग आपल्याकडचं पाच-सात माणसांचं ऑफिस किती दिवस सर्व्हर चालवेल? त्यांना दोष देत नाही मी, पण त्यांच्या आयुष्यावर माझ्या पुस्तकाचं आयुष्य का बांधायचं?

अजून एक, ते लहान आहे पण मला खटकतं. ज्या पुस्तकांचा कॉपीराइट संपलाय त्यांनाही तुम्ही कुलूप लावता. गोविंद बल्लाळ देवल आमच्या शेजारच्या हरिपूरचे, १९१६ ला गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क असतो, म्हणजे देवलांची नाटकं कधीच सगळ्यांची झालीत. खांडेकरही सांगलीत जन्मले पण ते १९७६ ला गेले, त्यांच्या पुस्तकांचा हक्क २०३६ संपेपर्यंत आहे, तिथे तुम्ही काय ते ठरवा. देवलांना कुणाच्या वतीने कुलूप लावलंय? कायद्यातलं संरक्षण हक्काला आहे, आणि तिथे हक्कच उरलेला नाही. नवी प्रस्तावना, टिपा घातल्या असतील तर तेवढ्या तुमच्या, पण नाटक नाही.

मागण्या लिहिते, जास्त नाहीत.

विकत दिलेल्या पुस्तकांचं कुलूप काढा. एकदम सगळी नको, जुन्या पुस्तकांपासून सुरुवात करा. भीती वाटत असेल तर प्रत्येक प्रतीत घेणाऱ्याचं नाव आणि ऑर्डर नंबर छापा, वॉटरमार्क म्हणतात तो, माझी ना नाही. माझं नाव पानावर असेल तर मी ती फाईल जपूनच वापरीन, आणि कुणी वाटली तर तुम्हाला कुठून फुटली ते कळेल. तुमचं रक्षणही होतं आणि माझं वाचनही थांबत नाही.

कुलूप ठेवणारच असाल तर पैसे भरायच्या आधी, अटींच्या सतराव्या पानावर नाही, किंमत जिथे लिहिता तिथेच लिहा की हा परवाना आहे, एवढ्या फोनवर चालेल, आणि आम्ही बंद झालो तर हे बंद होईल. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून, "विकत घ्या" म्हणून विकायचं असेल तर हा फक्त परवाना आहे हे आधी स्पष्ट सांगणं कायद्याने सक्तीचं झालंय. आपल्याकडे कायद्याची वाट कशाला बघायची. आणि मग किंमतही त्या मानाने लावा.

दुकान बंद करायचं झालं तर त्याआधी गिऱ्हाइकाला मोकळी फाईल द्या, नाहीतर पूर्ण पैसे द्या. प्रकाशकांनी विक्रेत्याशी करार करतानाच हे कलम घालून घ्यावं, कारण वाचक शेवटी पुस्तकावरचं तुमचं नाव बघून घेतो, ॲपचं नाही.

टॉकबॅक आणि तसली वाचून दाखवणारी साधनं सगळ्या पुस्तकांवर चालली पाहिजेत. पानांची चित्रं भरू नका, युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनला अक्षर म्हणून ओळखता येईल असा मजकूर द्या. जुन्या फाँटमधल्या फाईली बदलायला खर्च आहे हे मला माहीत आहे, नवीन पुस्तकांना तरी आजपासून करा. आणि अपंग वाचकाने किंवा त्याच्या घरच्यांनी मागितलं तर मोकळी प्रत देण्यासाठी एक मेल आयडी आणि एक जबाबदार माणूस ठेवा.

खातं वारसाला मिळायची सोय करा. आबांची छापील पुस्तकं पुराने नेली नसती तर माझ्याकडे आली असती, माझी ई-पुस्तकं माझ्या भाचीकडे जावीत एवढंच मागतेय, एका माणसाकडून एका माणसाकडे.

कॉपीराइट संपलेल्या पुस्तकांवर कुलूप नको.

आणि तो मेल ज्यांनी पाठवला त्यांनी ती शेवटची ओळ जाहीरपणे मागे घ्यावी, कलमात हेतूबद्दल आणि अपंग वाचकांबद्दल जे लिहिलंय त्यासकट दुसरा मेल पाठवावा. तुमचा सर्व्हर हे लिहीत असताना अजून चालू आहे. तो चालू आहे तोवर सगळ्यांना मोकळ्या फाईली देणं तुमच्या हातात आहे, एकदा बंद केला की चाव्या तुमच्याकडेही राहणार नाहीत, तेव्हा बाकीच्या मागण्यांवर बैठका, चर्चा नंतर करा, हे एवढं आधी करा.

आपली,
गावभाग, सांगली इथली एक वाचक